पडदा आणि पाठीमागची भिंत

माझे मामा श्रीरामपुरात फोटो स्टुडिओ चालवायचे. हातानं रंगवलेला पडदा, तीन दिवे, आत लाल बल्बची अंधारखोली आणि दर्शनी काचेत नवरा-नवरीचे फोटो. लोक पासपोर्टचे फोटोसुद्धा घरच्या घरी काढायला लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. मी राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या कालव्याखालच्या एका गावात आई-वडील, दादा-वहिनी आणि त्यांच्या लेकीबरोबर राहते, शाळेत शिकवते आणि मागच्या पाडव्यापासून रोज घरातला एक फोटो काढते. कांदा काढणीच्या दिवसांत मामा आमच्याकडे मुक्कामाला होते. रोज जेवणं झाल्यावर ओट्यावर हाच विषय निघायचा. त्यांची बाजू मला पटली नाही, पण ती आयुष्यभराच्या कामातून आलेली आहे, म्हणून त्यांच्याच शब्दांत देते.

मामा : रोज एक फोटो म्हणजे कशाचा?

मी : घरातल्या दिवसाचा. आई धार काढताना, वहिनी भाकरी थापताना, दादा चाळीत कांदा भरताना, छोटी दप्तर शोधताना. नियम थोडेच आहेत, मामा. दिवसाचा एकच ठेवायचा. त्यात माणूस हवा. कुणाला बसवून, ‘इकडं बघ’ म्हणून काढायचा नाही. आणि झोपायच्या आधी त्याखाली एक ओळ लिहायची, कोण, कुठं, काय चाललं होतं.

मामा : वर्षाला तीनशे पासष्ट झाले. छोटीचं लग्न होईस्तोवर सात-आठ हजार. बघणार कोण? आमच्याकडं आगफाचा क्लिक थ्री होता. एकशेवीसच्या रोलवर बारा फोटो. त्या बारांत बारसं, जावळ आणि सत्यनारायण बसवायचा. बटण दाबायच्या आधी काढणाराही श्वास धरायचा आणि समोरचाही. मोजून मिळतं ते माणूस जपतं. आता प्रत्येकाच्या फोनमध्ये फोटोंचा उकिरडा झालाय.

मी : म्हणूनच मी एकच ठेवते.

मामा : एक ठेवलास तरी रोजचा तो रोजचाच. शिर्डी आपल्याच जिल्ह्यातली. बाबांचे अस्सल फोटो मोजकेच आहेत. दगडावर, पायावर पाय टाकून बसलेले बाबा. त्या एका फोटोवरून घरोघरी तसबिरी झाल्या. कुणाला वाटलं का, की अजून हजार असते तर बरं?

मी : मला वाटतं. दर्शनाला तो एक पुरतो. पण साईसच्चरित उघडा आणि पहिला अध्याय बघा. बाबा जातं मांडून गहू दळायला बसलेत. गावातल्या बायका धावत येतात, खुंटा आपल्या हातात घेतात, गाणी म्हणत दळतात, आणि पटकीची साथ रोखायला ते पीठ शिवेवर टाकलं जातं. हे बघून दाभोलकरांना बाबांबद्दल लिहावंसं वाटलं. दगडावरच्या फोटोत ते जातं नाही आणि त्या बायकाही नाहीत.

मामा : बरोबर. पण दाभोलकरांनी ते लिहून ठेवलं ना? कॅमेऱ्यावाचून काही अडलं नाही. तुझ्या राहुरीतच लक्ष्मीबाई टिळक राहून गेल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. नवऱ्याला, टिळकांना, जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. तरी त्यांचा संसार, रुसवे, नगरातले दिवस, सगळं डोळ्यांपुढं उभं राहतं. एकाही फोटोची गरज लागत नाही. ओळ लिहितेस ना? मग तेवढीच लिही.

मी : लक्ष्मीबाईंची आठवण आणि लक्ष्मीबाईंची जीभ एखादीलाच मिळते. माझ्या आईला बसायलाच मिळत नाही, ती लिहिणार कधी? आणि मी लिहायला बसले तर मला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच लिहीन. फोटोत मी न बघितलेलंही येतं.

मामा : न बघितलेलं येतं हाच तर त्याचा दोष! म्हणून आम्ही पडदा लावायचो.

इथून पुढं खरा वाद सुरू झाला. त्यांच्या पडद्यावर बाग होती, कारंजं होतं, पांढरा जिना आणि दोन हंस होते. श्रीरामपूरच्या आसपासच्या गावांतले, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेले, कारखान्यावर रोजंदारी करणारे, सगळे त्या हंसांपुढं उभे राहिलेत. आमच्याकडे पाहुण्यांच्या अल्बममध्ये निम्म्या फोटोंच्या मागं तेच दोन हंस आहेत.

मी : मामा, एवढी माणसं तुमच्यापुढं उभी राहिली. त्यांतल्या एकाच्याही घराची भिंत आज बघायला मिळत नाही. चूल कुठं होती, पाणी कशात भरायचे, दाराला कडी होती की नुसतं पोतं लावलेलं, काही कळत नाही. तुमच्या पडद्यानं घर पुसून टाकलं.

मामा : त्यांनीच पुसायला सांगितलं होतं. ऐक. दुकानात खुंटीला एक कोट असायचा. काळा, खांद्याला जरा मोठा. पट्टा पडायच्या वेळी, हिशेब झाला की टोळीतला गडी बायकोला घेऊन यायचा. तो कोट घालायचा. बायको पदर नीट करायची, हातातलं घड्याळ दिसेल असा हात ठेवायची. ते घड्याळसुद्धा कधीकधी दुकानातलंच. त्याला त्याची कोपी फोटोत नको होती. पाचटाची कोपी तो सहा महिने रोज बघत होता. पेपरवाले यायचे कोपीचे फोटो काढायला. त्या फोटोत तो ‘ऊसतोड कामगार’ असायचा. माझ्याकडं तो नाव सांगून, पैसे मोजून, पावती घेऊन जायचा. गावाकडं भिंतीवर कोटातला फोटो लागायचा. तू कोण त्याला सांगणार, की तुझं खरं रूप वाकलेलंच आहे?

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. गरिबाचं रोजचं जिणं टिपणाऱ्या प्रत्येकानं या प्रश्नापुढं उभं राहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. कॅमेरा हातात असलेला माणूस ‘खरं’ म्हणून जे दाखवतो ते समोरच्याला मान्य असेलच असं नाही. स्टुडिओतल्या कोटात निवड त्या माणसाची होती. पण दुसऱ्या दिवशी मीच उलट बाजूनं सुरुवात केली.

मी : तेराव्याला फोटो लागतो, मामा. तेव्हा लोक तुमच्याकडं काय घेऊन यायचे?

मामा : (थोडा वेळ गप्प राहून) जे असेल ते. पुरुषाचा बहुतेक मिळायचाच, लायसन्सवरचा म्हण, सोसायटीच्या कार्डावरचा म्हण. बाईचा नसायचा. मग लग्नातला ग्रुप फोटो आणायचे. चाळीस माणसं, तिसऱ्या रांगेत पदर ओढलेली बाई, चेहरा मिरीएवढा. ‘एवढी काढून द्या आणि मोठी करा.’ मोठा केला की नुसते दाणे उरायचे. मग पेन्सिल घेऊन मी डोळे काढायचो, भुवया काढायचो, कुंकू लावायचो. मुलगा फोटो घ्यायला यायचा, बघत राहायचा आणि म्हणायचा, आईच आहे. ती आई नसायची, पोरी. ते माझं चित्र असायचं.

मी : आणि मतदार ओळखपत्रं आली तेव्हा?

मामा : शेषनसाहेबांच्या वेळी, १९९३ नंतर. कितीतरी बायका आयुष्यात पहिल्यांदा एकट्या कॅमेऱ्यापुढं बसल्या. डोकं सरळ ठेवा म्हटलं तर आधी नवऱ्याकडं बघायच्या. पुढं तोच ओळखपत्रावरचा शिक्क्याएवढा फोटो मोठा करायला माझ्याकडं आला. बऱ्याच जणींचा.

मी : मग मी हेच तर म्हणतेय. प्रसंगापुरते फोटो काढले की प्रसंगात पुढं बसणारेच अल्बममध्ये येतात. लग्नात आई स्वयंपाकघरात असते, बारशात पाळण्यामागं असते. सत्यनारायणाला शेजारी बसते तीही नवऱ्याच्या हाताला हात लावण्यापुरती. तिचा दिवस जिथं जातो तिथं कॅमेरा कधी गेलाच नाही. रोजचा फोटो असला तर तिला गाठणं भागच पडतं, कारण रोज घरात काही ना काही करत असते ती तीच.

मामा : हे मान्य. पण तुझी आई एका फोटोत आली काय आणि शंभरात आली काय, शंभरांत वेगळं काय आहे?

मी त्यांना सांगितलं ते असं. महिन्याचे फोटो एकत्र बघताना माझ्या लक्षात आलं, की आई गोठ्यात उठताना डावा हात भिंतीला टेकते. आधीच्या महिन्यांत नुसता गुडघ्यावर हात होता, त्याच्या आधी तोही नव्हता. रोज मी तिच्या समोर होते. ती काही बोलली नव्हती, मलाही दिसलं नव्हतं. कुठल्याही एका फोटोत दुखणं नाही, ते फोटोंच्या रांगेत आहे. डॉक्टरांना दाखवलं, धार काढायला आता उंच स्टूल आहे, आणि तिच्या वाट्याच्या दोन गायी दादानं घेतल्यात. हे ऐकल्यावर मामांना फाळके आठवले. जुन्या फोटोवाल्यांना दादासाहेब फाळके आपल्या भावकीतले वाटतात. सिनेमावाले व्हायच्या आधी त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला होता आणि तिथं प्लेगात पहिली बायको नि मूल गमावलं होतं.

मामा : १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला, तर पैसे लावायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. कॅमेरा त्याच्यावर रोखून ठेवला आणि अंतराअंतरानं एकेक चौकट घेत राहिले. चालवून दाखवलं तर बी फुटून पडद्यावर वेल वर चढली. ‘अंकुराची वाढ’. ते बघितल्यावर पैसे देणारा पुढं आला. फिल्मला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई रात्री घरातलं आवरून करायच्या. त्यांच्याशिवाय तो ‘हरिश्चंद्र’ झालाच नसता.

मी : वाटाण्याचंच सांगते मी. एका चौकटीत वाढ दिसत नाही.

मामा : पण वाटाण्याला विचारायचं नव्हतं. माणसाला विचारावं लागतं. तू अक्काला विचारलंस? सुनेला?

वहिनी आत भांडी लावत होती. ती दारात आली आणि तिनं स्वतःच उत्तर दिलं. तिच्या अटी तिनं पहिल्याच आठवड्यात घातल्या होत्या. केस मोकळे असताना नाही. आजारी असताना विचारल्याशिवाय नाही. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला एकही नाही. घरात भांडण झालं असेल त्या दिवशी माणसाचा नाही, त्या दिवशी ताईंनी गायीचा काढावा. (म्हणून माणूस हवा हा माझा नियम काही दिवशी मोडलेला आहे आणि ते दिवस कुठले हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.) आणि शेवटची अट अशी, की नको म्हटलेला फोटो तिच्यासमोर पुसायचा.

मामा : छोटी?

वहिनी : ती आता हो म्हणते, मामा. तिला काय कळतंय. मोठी झाल्यावर तिनं नको म्हटलं तर सगळे तिच्या हातात द्यायचे. ठेवायचे की टाकायचे, तिचं ती बघेल.

मामा : तोवर बारा वर्षं झालेली असतील. नको असलेलं बारा वर्षं साठवून मग हातात देण्याला काय अर्थ?

यावर वहिनी काही बोलली नाही आणि मीही नाही. मुलांच्या बाबतीत मामांचं म्हणणं मला अजून टोचतं. एक केलं आहे, तिचा अंघोळीचा, रडण्याचा, मार बसल्याचा फोटो मी ठेवत नाही.

मग मी त्यांना जेमी लिव्हिंग्स्टनबद्दल सांगितलं. न्यूयॉर्कचा हा माणूस १९७९ च्या मार्च अखेरीपासून पोलरॉइड कॅमेऱ्यानं दिवसाला एक फोटो काढत राहिला. मित्र, जेवणाचं टेबल, बेसबॉलचं मैदान, कधी नुसतीच खोली. पुढं मेंदूत गाठ झाली, दवाखाना आला, तरी फोटो थांबले नाहीत. शेवटचा २५ ऑक्टोबर १९९७ चा. त्याच दिवशी तो गेला आणि त्याच दिवशी त्याचा वाढदिवस होता, वय ४१. सहा हजारांवर फोटो त्याच्या मित्रांनी मागाहून लोकांपुढं मांडले. मामांचे कान पोलरॉइडवर टवकारले.

मामा : पोलरॉइड म्हणजे निगेटिव्ह नाही. जे निघालं ते निघालं, दुसरी प्रत नाही. हा खरा फोटोवाला. पण बघ, आजारात त्यानं स्वतःलाच दाखवलं. दुसऱ्याचं दुखणं दाखवण्यापेक्षा ते वेगळं. अजून कुणी आहे का असं?

मी : अर्जेंटिनाचे डिएगो गोल्डबर्ग. १९७६ पासून दर १७ जूनला स्वतःचा, बायकोचा आणि पुढं मुलांचाही फोटो. साधी पार्श्वभूमी, फक्त चेहरे, एका रांगेत. वर्षातून एकदाच.

मामा : हा माझा माणूस! वर्षातून एकदा, सगळ्यांना माहीत असलेल्या दिवशी, सगळे तयार होऊन. पाडव्याला काढ असा. गुढीपुढं.

मी : तो चेहऱ्यांचा हिशेब झाला. चेहरे कसे म्हातारे होतात ते त्यात दिसतं. घर कसं चालतं ते दिसत नाही.

कसब हा भाग मी मुद्दाम मागं ठेवला होता, कारण त्यात मी त्यांची शिष्य आहे. रोज काढल्यानं हात बसतो हे त्यांनाही कबूल होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की चूक महागात पडल्याशिवाय माणूस शिकत नाही आणि फोनवर चूक फुकट आहे. तरी त्या आठवड्यात त्यांनी मला जे दाखवलं ते कुठल्या वर्गात शिकायला मिळालं नसतं. स्वयंपाकघरात दाराकडं पाठ केलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो. तिथं चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड त्याच्यापुरता बांधून घ्यायचा, मागचं दार पांढरं पडलं तर पडू द्यायचं. बोटांनी ओढून जवळ आणायचं नाही, पायांनी जवळ जायचं. संध्याकाळी उजेड कमी असला की चौकटीला खांदा टेकवायचा, श्वास सोडून झाल्यावर बटण दाबायचं. भाकरी थापणाऱ्या हाताचा फोटो हात वर असताना घ्यायचा, खाली असताना नाही. आणि चुलीचा धूर कॅमेऱ्याकडं तोंड करून आलेल्या उन्हातच दिसतो, पाठीमागून आलेल्या उन्हात तो नाहीसा होतो. चाळीस वर्षांपूर्वी रोलच्या खोक्यावरच्या कोष्टकावरून ते जे शिकले ते त्यांच्या डोळ्यांत अजून तसंच आहे.

पण कसब वाढलं की दुसरीच ओढ सुरू होते आणि आमचा शेवटचा वाद त्यावरच झाला. महिनाभराचे फोटो मी राहुरीतून कागदावर काढून आणले होते. मामांनी ते सतरंजीवर रांगेनं मांडले.

मामा : हा बघ. अक्का डेअरीला निघालीय, उजेड किती सुंदर. पण डावीकडं ते कॅलेंडर, खाली सिलिंडर, खिडकीत गोळ्यांची पाकिटं. एक पाऊल उजवीकडं सरकली असतीस तर सगळं गेलं असतं.

मी : कॅलेंडर राहावं म्हणूनच मी सरकले नाही. ‘कालनिर्णय’च्या त्या पानावर तिनं दुधाचे खाडे लिहिलेत. गोळ्या गुडघ्याच्या आहेत. सिलिंडर आहे आणि शेजारी चूलही पेटलेली आहे, कारण अंघोळीचं पाणी अजून सरपणावर तापतं. चांगला फोटो करायचा तर हे सगळं काढायला लागतं. घराची नोंद ठेवायची तर हेच ठेवायला लागतं. दोन्ही रोज साधत नाही.

मामा : नजर कुठं टेकवायची बघणाऱ्यानं? फोटो म्हणजे पंचनामा नव्हे.

मी : वडिलांचा एक फोटो आठवतो? माळीवाडा स्टँडवर, एसटीला टेकून उभे. तुम्हीच काढला होता. तेव्हा तुम्ही म्हणाला होता, वरची पाटी मध्ये आली. त्या पाटीवर ‘अहमदनगर’ आहे. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. आता छोटी तो फोटो बघते तेव्हा आजोबांच्या आधी पाटी वाचते आणि विचारते. मध्ये आलेलंच पुढं कामाला येतं.

मामा फोटो खालीवर करत राहिले. मग त्यांनी एक उचलला. वडील रात्री उसाला दारं धरायला निघालेत. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. एका हातात टॉर्च, खांद्यावर खोरं, गळ्यात फोन बांधलेला, त्यावर मोठ्यानं गाणी लावलेली, कारण उसात बिबट्या आहे. फोटो हललेला आहे. चेहरा नीट नाही, टॉर्चचा उजेड फराटा होऊन गेलाय, बाकी सगळे काळे दाणे.

मामा : हा फसलाय.

मी : फसलाय. पण त्या रात्रीचा हाच आहे आणि मी तोच ठेवलाय. दिवसा, वीज नसताना, त्यांना खोरं घेऊन बांधावर उभं केलं असतं तर छान आला असता. ते मात्र तिथं कधी तसे उभे नसतात.

मामा : एक सांगू? यात तो घाबरलेला दिसतो.

मी : असतातच ते घाबरलेले.

मामा : त्याला विचारलंस, हा ठेवू का म्हणून?

विचारलं होतं. वडिलांनी फोटो लांब धरून बघितला होता आणि म्हणाले होते, ठेव, पोरांना कळू दे ऊस कसा येतो ते. मामांना हे सांगितल्यावर त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. फोटोच्या मागं बॉलपेननं लिहू नये, शाई पुढं उमटते, असं म्हणत त्यांनी माझी ओळ मागच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात उतरवली, तारीख घातली. मग म्हणाले, ‘हा डब्यात राहू दे. पण भिंतीवर लावायला दाजींचा एक नीट फोटो मी काढणार. उद्या सकाळी आठच्या आत, आंब्याच्या सावलीत. इस्त्रीचा सदरा घालायला सांग, आणि मागं काहीतरी साधं कापड धरायला दोघं लागतील.’

वडील लगेच तयार झाले, दाढी करायला गेले. तो बसवून काढलेला फोटो त्या दिवसाचा म्हणून माझ्या ओळीत धरायचा की दादा आणि वहिनी कापडाची दोन टोकं धरून उभे आहेत तो मी बाजूनं काढलेला धरायचा, यावर मामांचं आणि माझं अजून जमलेलं नाही.